ठिपक्याच्या झाडापाशी

आदिलाबादला जपानी झाडांची सरकारी बाग झाली आणि आमच्या भागातल्या लग्नाच्या मुलींची मोठी सोय झाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं ज्याला वाटेल त्याच्यावर मुलगी दाखवायला नेण्याची वेळ अजून आलेली नाही.

पूर्वी पाहुणे घरी यायचे. पोहे खायचे, चहा प्यायचे, मुलीला चालून दाखवायला लावायचे, 'कळवतो' म्हणायचे आणि जायचे. त्यांचा नकार आमच्या घरी पोचायच्या आधी समोरच्या पिठाच्या गिरणीवर पोचलेला असायचा. त्यावर शहाण्या माणसांनी उपाय काढला, बाहेर पाहण्याचा. मुलीकडचे सहज फिरायला गेलेले असतात. मुलाकडचेही सहज फिरायला आलेले असतात. मग दोघं सहज एकमेकांसमोर उभे राहतात. नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, लग्नाचा शब्द काढायचा नाही. मुलगी पसंत पडली तर मध्यस्थाचा फोन येतो. नाही पडली तर कोणी कोणाला पाहिलेलंच नसतं, आणि सगळ्यांची अब्रू जागच्या जागी राहते.

आधी हे देवळात चालायचं. पण देवळात कोणीतरी ओळखीचं भेटतंच आणि प्रसाद हातावर ठेवता ठेवता चौकशी करतं. जपानी बागेत ती भीती नाही. तिथे झाडं बघायला कोणीच जात नाही.

मी सपना. आदिलाबादजवळ बेल्याला सरकारी मीसेवा केंद्रात बसते, लोकांचे उत्पन्नाचे आणि रहिवासाचे दाखले काढून देते. बाबा मारोतीराव, त्यांचं किराणा दुकान आहे. माझं वय लग्नाच्या बाजारात 'थोडं जास्त' म्हणतात तेवढं आहे. आणि माझ्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, कोडाचा पांढरा डाग आहे. तो दुखत नाही, खाजत नाही, कोणाला लागत नाही. त्रास होतो तो फक्त बघणाऱ्याला, आणि बघणाऱ्यावर डॉक्टरकडे औषध नाही.

घरी येऊन पाहून गेलेल्यांनी मला ओळीने नाकारलं. कारण कोणीच सांगितलं नाही. एकाने पत्रिका जुळत नाही म्हटलं, एकाच्या आजोबांची तब्येत अचानक बिघडली. आजोबा अजून धडधाकट आहेत, परवाच माझ्याकडून दाखला घेऊन गेले.

मग कारभार आत्याने हातात घेतला. माझी आत्या रुक्माबाई हिने आजवर इतकी लग्नं जमवली आहेत की तिला नाही म्हणायला माणसं लाजतात. तिने डोमाजी नावाचा मध्यस्थ गाठला, उटनूरकडचा एक मुलगा शोधला, बाग ठरवली आणि माझ्यासाठी लांब बाह्यांचं पोलकं शिवून आणलं.

"हळद लागेपर्यंत बाही वर गेली नाई पायजे," ती म्हणाली.

"आन् हळद काय बाहीवरून लावतात?"

"तवापर्यंत पत्रिका वाटून होतात. पत्रिका वाटल्यावर मानूस मांगं हटत नाई. शंभर नातेवाईकाईले काय सांगन तो?"

मी पोलकं घेतलं, पण मनाशी ठरवलं. या वेळी लपवायचं नाही. लपवून लग्न केलं तर रोज सकाळी उठून बाही खाली ओढावी लागेल, आणि एक दिवस कोणीतरी ती वर करेलच. तेव्हा काय होईल ते बघायला मी परक्या घरात एकटी असेन. त्यापेक्षा आपणच वर करावी, आपल्या माणसांत, दिवसाउजेडी. नकार आला तर येऊ दे, पण डाग बघून येऊ दे. आजोबांच्या तब्येतीवर मला आणखी एक नकार नको होता. आणि खरं सांगायचं तर होकार हवा होता. लग्न नको, नोकरी बरी, असं मी केंद्रातल्या मैत्रिणींना ऐटीत सांगते. ते खोटं आहे.

बाबा दुकानावर राहिले आणि आईला आत्याने घरीच ठेवलं. आईला खोटं बोलता येत नाही, आणि सोयरीक जमवताना असला अवगुण घातक ठरतो. गाडी चालवायला आत्याचा मुलगा सुरेंद्र आला. सुरेंद्रदादाला दोन पोरं आहेत, पण गाडी चालवायला मिळाली की तो ती विसरतो.

मुलाचा फोटो आम्हाला मिळाला होता. कुठल्यातरी ओळखपत्रावरून काढलेला, त्यात मिशीवाला माणूस आहे एवढंच खात्रीने सांगता येत होतं. माझाही फोटो त्यांच्याकडे गेला होता. स्टुडिओवाल्याने मला त्यात इतकं उजळ केलं होतं की मीच मला ओळखलं नाही. सारांश, दोन्ही बाजूंना एकमेकांची नीट कल्पना होती.

डोमाजीने फोनवर खूण सांगितली. "आत जाळीच्या शेडमंदी कूलरजवळ ठिपक्याच्या पानाचं झाड हाये. तिथं उभे राहा. माय, पोरगा आन् पोराची बहीन, तिघं येतीन. तुमी काई इचारू नका, तेबी काई इचारनार नाईत."

शिवरात्र झाली होती आणि थंडी शिव शिव म्हणत निघून गेली होती. लांब बाहीत माझा हात उकडत होता. बागेच्या फाटकावर तेलुगूत, इंग्रजीत आणि जपानीत स्वागत लिहिलं होतं. मराठी नव्हतं, गोंडीही नव्हतं. जिल्ह्यात जपानी वाचणारी माणसं जास्त असावीत.

आत शिरल्या शिरल्या चेरीच्या झाडांची रांग आहे. म्हणजे पाट्या चेरीच्या आहेत. खरी चेरी पहिल्या उन्हाळ्यातच जळाली. पाट्या मात्र चांगल्या लोखंडाच्या होत्या, त्या टाकवेनात, म्हणून त्यांच्यामागे गिरिपुष्पाची झाडं लावली. आमच्याकडे ती शेताच्या बांधावर असतात आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. इथे लोक त्यांच्याखाली उभं राहून जपानचे फोटो काढत होते. गुलाबी ते गुलाबी.

पुढे मेपलचं झाड होतं. ते शरद ऋतूत लाल होतं, असं पाटी सांगत होती. ते फाल्गुनाच्या तोंडावर तपकिरी झालं होतं आणि त्यात ऋतूचा काही हात नव्हता. त्याच्या पलीकडे पांढरी खडी पसरून तिच्यावर दाताळ्याने रेघा ओढल्या होत्या. 'पाण्यावाचून पाण्याचा भास', मी तेलुगू पाटी वाचून सांगितली.

"आपल्या नळासारखं हाये मंग," सुरेंद्रदादा म्हणाला.

एक दगडी कंदील होता. त्याला कोणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं आणि पुढे नारळ फोडला होता. आमच्याकडे चांगला दगड उघड्यावर दिसला की लोक त्याला एकटं राहू देत नाहीत. आत्यानेही जाता जाता हात जोडले आणि माझ्यासाठी काहीतरी मागून घेतलं. जपानी देवाला मराठी कळतं की नाही याचा विचार तिने केला नाही.

जाळीच्या शेडमध्ये कॅमेलियासारखी नाजूक झाडं होती आणि त्यांच्या तोंडावर दोन मोठे कूलर घरघरत होते. आमच्या घरी कूलर नाही. त्यामुळे त्या कॅमेलियाबद्दल मला पहिल्यापासूनच आपुलकी वाटली नाही. ठिपक्याचं झाड सापडलं. जाड, चकचकीत हिरवी पानं आणि त्यांच्यावर रंग उडाल्यासारखे पिवळे-पांढरे डाग. समोर पाटी होती. मी ती मोठ्याने वाचली. "ऑक्युबा जपोनिका. पानांवरील डाग हेच या झाडाचे सौंदर्य. डाग जितके जास्त, तितके झाड मौल्यवान. हात लावू नये."

आत्याने माझ्या बाहीकडे पाहिलं. "ते झाड हाये," ती म्हणाली.

तेवढ्यात समोरून तिघं आली. पन्नाशीची बाई, अंगावर भर दुपारी रेशमी साडी. बरोबर एक मुलगा आणि एक मुलगी. माय, पोरगा, बहीण. आत्याने मला कोपराने ढोसलं. "मिशी काढली असन त्यानं," ती कुजबुजली.

आत्या हात जोडणार तोच त्या बाईने आधी हात जोडले. नुसते जोडले नाहीत, वाकून जोडले. मग पदराने बाक पुसला आणि म्हणाली, "बसा जी. उनाचे दमले असान."

आत्या बसली, पण जरा बिचकून. मुलाकडच्या बाईने मुलीकडच्यांसाठी बाक पुसल्याचं तिच्या एवढ्या कारकिर्दीत घडलेलं नव्हतं. मुलाकडचे बसतात आणि मुलीकडचे पुसतात, हा सृष्टीचा नियम आहे. आत्या माझ्या कानाशी म्हणाली, "लय संस्कारी लोक हायेत. धरून ठेव."

त्या बाईने सुरेंद्रदादाला पाण्याची बाटली दिली. झाकण उघडून दिली. मग त्याला विचारलं, उन्हात गाडी चालवून त्रास तर नाही झाला. सुरेंद्रदादाला त्याची बायकोसुद्धा एवढं विचारत नाही. तो लगेच ताठ बसला, हातातला मोबाइल खिशात ठेवला आणि आवाज घोगरा करून म्हणाला, "सवय हाये आपल्याले."

नियमाप्रमाणे कोणी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मग बोलायचं कशावर? झाडावर.

"झाड मोठं गुनाचं दिसते," आत्या म्हणाली. "जिथं लावलं तिथं रुजन. याले जास्त देखभाल लागत नाई."

"हो जी," बाई म्हणाली. "आमच्याकडंबी असंच हाये. कमी पान्यात भागवते. कदी तक्रार नाई, उलटून बोलनं नाई."

"सयपाकाले..." आत्याच्या तोंडून निघून गेलं, आणि ती खोकली. "म्हंजे, चटनीबिटनीले याचा पाला चालत असन."

दोघींनी त्या ऑक्युबाची इतकी तारीफ केली की ते झाड लाजून मरायला हवं होतं. मुलाची बहीण खाली मान घालून उभी होती. हिरवा शालू, हातात बांगड्या, नजर पायाच्या अंगठ्यावर. एवढी गरीब नणंद मी आयुष्यात पाहिली नव्हती. मी तिच्याकडे बघून हसले तर ती घाबरली.

मग आत्याने आणि त्या बाईने एकाच वेळी सुचवलं की तरुण मंडळींनी तो लाल पूल बघून यावा. सुरेंद्रदादा उठणार होता, आत्याने त्याला डोळ्यांनी दाबून बसवला. ती मुलगीही जागची हलली नाही. राहिलो मी आणि तो मुलगा.

लाल लाकडी पुलाखाली तळं होतं, तळ्यात पाणी नव्हतं. पुलावर उभं राहून त्याने विचारलं, "तुमच्या घरी पानी कुटून भरतात?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "नळ येते दिवसाआड."

"आन् भरते कोन?"

"ज्याले येळ असन तो. मी सकाळची निघाली तं बाबा भरतात."

त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. मग त्याने विचारलं, घरातल्या बायकांना नोकरी करू देतात का. मी म्हटलं, मी करते ना. तो म्हणाला, "तुमचं नाई. सुनेचं इचारतो. सुनेले करू देतीन काय?"

"काऊन नाई देनार?" मी म्हटलं. आमच्याकडे सून म्हणजे सुरेंद्रदादाची बायको, आणि ती शिवणकाम करते म्हणून आत्याचं घर चालतं. मी तसं सांगणार होते, पण तो पुढे गेला होता. "घरात कोनी पेते काय? खरं सांगा. राग नका मानू."

"आमचा दादा पेते," मी शेडकडे बोट दाखवून म्हटलं. "पोळ्याले आन् निवडनुकीत. बाकी कोनी नाई."

तो बराच वेळ शेडकडे बघत राहिला. माझ्या आतेभावाच्या पिण्याची एवढी काळजी त्याला का पडावी, ते मला कळलं नाही. पण मला तो आवडला. एवढ्यात आवडायला नको होता, तरी आवडला. मला आजवर बघायला आलेल्यांनी स्वयंपाक येतो का विचारलं, पगार विचारला, एकाने रक्तगट विचारला. पाणी कोण भरतं, हे कोणी विचारलं नव्हतं. ज्याला ते विचारावंसं वाटतं त्याच्या घरात हंडा एकटीच्या कमरेवर येणार नाही, असा मी हिशेब केला. परत शेडमध्ये येईपर्यंत मी त्याच्याबरोबर संसार मांडून, नळावर नंबर लावून मोकळी झाले होते.

आणि म्हणूनच बाही आता वर करायला हवी होती. उद्या केली असती तर जास्त दुखलं असतं.

मी त्याच्या आईसमोर जाऊन उभी राहिले. "मावशी, एक दाखवाचं हाये."

आत्या बाकावरून अर्धी उठली. "अवो, ते तिकडं काय फुललं पाहा," ती शेडच्या दुसऱ्या टोकाकडे बोट करून म्हणाली. तिकडे कूलर होता.

मी मनगटाचं बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत सरकवली. कूलरचा वारा हातावर आला, तो फार बरा वाटला. "कोड हाये," मी म्हटलं. "लहानपनापासून. कोनाले लागत नाई. पन सांगतल्याबिगर पुढं जाऊ नये, असं मले वाटते."

मुलाच्या आईने हाताकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं. आत्या देवाचं नाव घेत होती, आणि मला वाटतं तो जपानी देव होता.

"इतकंच ना, बाई?" ती म्हणाली. "त्यात काय झालं? देवाच्या घरची गोष्ट हाये. आमाले चालते."

असं म्हणून तिने माझ्या त्याच हातावरून हात फिरवला. डागावरूनच. माझ्या आईखेरीज तिथे कोणी हात लावत नाही. मला रडू आलं. भर बागेत, परक्या लोकांत, कॅमेलियाच्या कूलरसमोर मी डोळे पुसले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. इतकी वर्षं जे वाक्य मला हवं होतं ते असं सहज, खोकल्यासारखं बाहेर पडलं होतं. 'आमाले चालते.' मी त्या मुलाकडे पाहिलं. तोही मान हलवत होता.

माझ्या खरेपणाने बाईंना धीर आला असावा. त्या म्हणाल्या, "तुमी एवढं मोकळं सांगतलं, तं आमीबी लपवत नाई. आमच्या या पोरीची, हर्षालीची, एकदा फारकत झाली हाये. चार महिने नांदली. तिचा दोष नोयता."

मुलाची बहीण माहेरी बसलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ आत्याने घेतला. एरवी फारकत झालेल्या बाईला आत्या हळदीकुंकवालाही बोलावत नाही. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तशी तिची गत झाली होती. "अवो, त्याचं काय घेऊन बसल्या?" ती म्हणाली. "आजकाल घरोघरी हाये. आमाले चालते."

बाईने डोळ्यांना पदर लावला. हर्षालीने पहिल्यांदा मान वर केली. दोन्ही बाजूंना सगळं चालत होतं. आमच्या तालुक्यात गेल्या शंभर वर्षांत झाला नसेल एवढा समाजसुधार त्या शेडमध्ये पाच मिनिटांत उरकला.

तेवढ्यात आत्याचा फोन वाजला. डोमाजी होता. आत्याला कमी ऐकू येतं, म्हणून तिचा फोन नेहमी स्पीकरवर असतो.

"ताई, पावने येऊन नाई राह्यले," डोमाजी म्हणाला. "तेईचं सकाळीच दुसरीकडं जमलं. साखरपुडा करूनच उठले म्हनतात."

"कोन येऊन नाई राह्यलं? अरे, समोर बसून हायेत ते."

"कोन बसून हाये?"

आत्याने समोर पाहिलं. समोरच्या बाईने आत्याकडे पाहिलं. आत्याच्या हातातला फोन बंद झाला आणि लगेच त्या बाईच्या पिशवीतला वाजला. तोही डोमाजीच होता; बाईनेही फोन स्पीकरवर टाकला. त्यालाही तेच सांगायचं होतं. बाई म्हणाली, "मंग हे कोन हायेत?" तेव्हा डोमाजी म्हणाला की एकाच फेरीत दोन्ही मुली पाहून होतील, असा त्याने विचार केला होता. दोन्हीकडचा वेळ वाचावा हाच हेतू. मग त्याला रेंज मिळेनाशी झाली.

कूलर घरघरत राहिले. मुलाकडचं त्या शेडमध्ये कोणीही नव्हतं. मुलीकडचे मात्र भरपूर होते.

"म्हंजे हे नवरदेव नाईत?" बाईने सुरेंद्रदादाकडे बघून विचारलं.

"मले दोन लेकरं हायेत," सुरेंद्रदादा म्हणाला, आणि त्याला एवढ्या दुःखाने हे सांगताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्याने पाण्याची बाटली झाकण लावून परत दिली.

"आन् तुमी ननंद नाई?" हर्षालीने मला विचारलं.

"नाई."

"बरं झालं बाप्पा. मले तुमचा भेव वाटून राह्यला होता."

मग आम्ही सगळे हसलो. काय करणार? बाईंनी आपलं नाव सोजरबाई सांगितलं, गाव भीमपूर सांगितलं, मुलाचं नाव अमर सांगितलं. दोन्ही बाजूंनी मुलाकडच्यांसाठी डबे आणले होते. उघडले तर दोन्हींत चिवडा आणि बेसनाचे लाडू. मग दोन्ही घरांनी एकमेकांचे लाडू खाल्ले आणि एकमेकांचे वाखाणले. आत्या सोजरबाईंना म्हणाली की तिला वाटलंच होतं, मुलाकडचे एवढे चांगले नसतात. सोजरबाई म्हणाल्या, त्यांनाही अगदी हेच वाटलं होतं.

अमर माझ्याशी बोलायला आला नाही. तो झाडाजवळ उभा होता. पुलावर तो आपल्या बहिणीसाठी सासर तपासत होता, हे मला एव्हाना कळलं होतं. पाण्याचं, नोकरीचं, दारूचं, सगळं तिच्यासाठी. पण त्यामुळे तो मला कमी आवडायला लागला नाही. उलट जास्त आवडला. जो माणूस बहिणीसाठी एवढं विचारतो तो बायकोसाठीही विचारत असेल, असं मला वाटलं. असं वाटणं चूक आहे हे मला ठाऊक आहे, तरी वाटलं.

आत्याच्याही मनात तेच चाललं होतं. तिच्या डोक्यात एकदा लग्न शिरलं की नवरदेव बदलतो, लग्न राहतंच. तिने हातावरचे लाडवाचे कण झटकले आणि सोजरबाईंच्या जवळ सरकली.

"एक बोलू काय, सोजरबाई? आपलं काई लपलेलं राह्यलं नाई. तुमी आमची पोरगी पाह्यली, तिचा हात पाह्यला. तुमाले चालते म्हनल्या. तुमच्या अमरचं कुटं ठरलं नाई ना अजून?"

मला काही ऐकू येत नाही असं दाखवायला मी हर्षालीच्या बांगड्या बघत होते. हर्षालीनेही हात मागे घेतला नाही.

सोजरबाईंचा चेहरा बदलताना मी पाहिला. रागावल्या नाहीत, तसं काही नाही. आधी पाठ ताठ झाली. मग पदर खांद्यावर नीट बसला. मग त्या बाकावर जरा मागे टेकून बसल्या, ज्या बाकाच्या टोकावर त्या दुपारभर बसल्या होत्या.

"अमरचं अजून वरीसभर तं पाहनं नाई," त्या म्हणाल्या. "आन् पाहाचं म्हनलं तरी तेच्या काकाले इचारा लागन. लोक धा गोष्टी पाहतात. पत्रिका हाये, घरानं हाये. कळवतो आमी."

मी अमरकडे पाहिलं. त्याने सगळं ऐकलं होतं. तो झाडासमोरची पाटी वाचत होता, जी त्याला तेलुगू येत असेल तर केव्हाच वाचून झाली असणार. त्याने मान वर केली नाही.

आत्याने डब्याला झाकण लावलं. आत्या झाकण लावते तेव्हा प्रकरण संपलेलं असतं. पण माझं संपलं नव्हतं. बाही अजून वर होती. तो हात सोजरबाईंनी स्वतः कुरवाळला होता, त्याला अजून अर्धा तास झाला नव्हता. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. भांडायला नाही. मला फक्त त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"मावशी," मी म्हटलं, "मघाशी तं चालते म्हनत होत्या."

सोजरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. एवढं बरं की त्या खोटं बोलल्या नाहीत, कोणाच्या आजोबांना आजारी पाडलं नाही. हातातला आमच्या डब्यातला लाडू त्यांनी खाली ठेवला आणि अगदी मायेने म्हणाल्या, "मघाशी तुमी पोराकडल्या होत्या, बाई. आता आमी हावो."